धरणारी गेली, झेलणारी हुपरीत

कसबा बावडा, कोल्हापूर
३० जून २०२५

नजीरा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. प्रेम आहे, पण आज तुला नमस्कार करायची इच्छा नाही.

ताना गेली. शुक्रवारी दुपारी, जेवण झाल्यावर. तुला ते कळलं आहे, कारण फोन मीच केला होता आणि तुझा आरिफ 'अम्मीला सांगतो' म्हणाला होता. माती झाली, आज रक्षाविसर्जनही झालं, तू काही दिसली नाहीस. हुपरी काही विलायतेत नाही. एसटी सुटते, उशिरा सुटते, पण सुटते. तुझा फोन लागत नाही आणि लागला तर तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं, त्याला मध्येच 'ठेवते गं, दूध उतू चाललंय' म्हणता येत नाही.

मी थकले आहे. रडून नव्हे, रडायला सवड कुठे आहे? सकाळी तिच्या घरी जायचं, येईल त्याला चहा द्यायचा आणि 'कसं झालं हो?' याचं उत्तर द्यायचं. तिचा मुलगा सम्राट दाराशी बसून असतो, सून आत, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. शाळेतून निवृत्त झालेली बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिला एकच धडा परत परत शिकवायची सवय आहे. आजारपण, शेवटचा घास, शेवटचा श्वास. आता सांगताना मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलंय.

आणि प्रत्येक जण आपापली ताना घेऊन येतो. डेअरीतला पिराजी डोळे पुसत म्हणाला, "तानाक्का आमच्या लग्नात गायली, म्हणून तर ही नांदली." त्याची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "गप ऱ्हावा की. तिनंच मला माहेरी जायचं गाणं शिकवलं हुतं." सगळे हसले आणि मग कुणालाच कुठे बघावं कळेना.

तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावलाय. त्यावर तिच्या नावामागे 'झिम्मासम्राज्ञी' असं छापलंय. ताना असती तर म्हणाली असती, "सम्राज्ञीला शेन काढाय लावत्यात व्हय रं?"

तुला काय सांगायचं, तरी लिहिते. झिम्म्यात ताना गाणं धरायची, तू मागून उत्तराची ओळ देऊन झेलायचीस, आम्ही बाकीच्या टाळ्या देणाऱ्या. तिची ओळ कुठे संपते आणि तुझा झेल कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, दोघींचे आवाज वेणीसारखे एकात एक जायचे. लोक त्यालाच भुलायचे. गौरीची गाणी म्हणतेस म्हणून तुझ्या सासूने नाक मुरडलं, तेव्हा तानाच वाटीभर खीर घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली होती. म्हातारी खीर खाऊन गप्प झाली. तेही लक्षात आहे माझ्या.

आणि तो ट्रॅकही लक्षात आहे. सम्राटने तुम्हा दोघींना स्टुडिओत नेलं, तिथला माणूस म्हणाला, दोन आवाज एकमेकांत घुसतायत, एकच ठेवा. तुझ्या जागी कीबोर्ड वाजला. ते गाणं मोबाइलवरून गावोगाव गेलं आणि तू हुपरीला गेलीस. आरिफचं पैंजणांचं काम तिकडे वाढलं म्हणून, असं तू सांगितलंस. आम्ही मान डोलावली. तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला नाहीत, आणि मी दोघींमध्ये पोस्टासारखी हिंडले. तिकीट न लावता.

आता रागवायला पलीकडे कुणी उरलं नाही. बाराव्याला ये.

संयोगिता


कसबा बावडा
४ जुलै २०२५

नजीरा,

उत्तर नाही. असो. काल जे झालं ते तुला कळायलाच पाहिजे.

तानाच्या माहेरच्या बायका काल वडगावहून आल्या. टेम्पो करून आल्या, भिजून आल्या. पुढे तिची भावजय बायडाबाई. तुला आठवेल, आवाज असा की शिवारात हाक मारली तर शेजारच्या गावातला माणूस 'ओ' देईल. उंबऱ्यातच तिने हेल काढला, "कुटं गेलीस गं माझी बाय, आता कुनाच्या दारी येऊ गं." बाकीच्यांनी मागून सूर लावला. रीतीचं रडणं होतं, पण खोटं नव्हतं. मीही पदर तोंडाला लावला.

रडता रडता बायडाबाईचा हेल तानाच्या गाण्याच्या चालीत कधी शिरला कुणाला कळलं नाही. तिचंच ते गाणं,

शेवाळल्या पायरीवर पाय कसा टाकू गं

शब्द आले आणि कुणाची तरी टाळी पडली. पहिली कुणाची ते मला विचारू नकोस, कदाचित माझीही असेल. बसल्या बसल्या सगळ्यांचे हात चालू झाले. मयताच्या घरात, तिच्या फोटोसमोर, ओल्या लुगड्यांतल्या बायका टाळ्या देत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. आणि ओळ संपल्यावर सगळं थांबलं.

झेल कुणी दिला नाही. बायडाबाईने माझ्याकडे बघितलं, मी शेजारणीकडे बघितलं. प्रत्येकीला वाटलं होतं दुसरीला येत असणार. इतकी वर्षं खेळलो आम्ही, नजीरा, आणि कुणालाही झेल येत नाही. समोरून ताना मोठ्याने गायची ते सगळ्यांना पाठ आहे. मागून तू काय म्हणायचीस, ते आम्ही ऐकलं की नुसतं अंगावर घेतलं, देव जाणे. एकीने चाचरत 'हळू टाक बाई, हळू टाक गं' असं म्हणून बघितलं. ते नव्हतं, एवढं आम्हाला कळलं.

तेवढ्यात सम्राट दारात आला. "मयताच्या घरात झिम्मा घालताय व्हय?"

बायडाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "घालतोय. तुझ्या आईला तेच येत हुतं. तिच्यासाठी काय बँड आनू?"

त्याची मुलगी तेजस्वी आतून आली. आता कॉलेजला आहे ती, आणि आवाज थेट आजीचा, फक्त अजून कोवळा आहे. तिने विचारलं, "पुढं काय हाय, बाई? आजीनं मला निम्मंच शिकवलंय. उरलेलं नजीरा आजीकडनं घे म्हणायची."

म्हणजे बघ. तुझ्याशी बोलत नव्हती, पण नातीला तुझ्याकडे पाठवायची तयारी तिने ठेवली होती.

मग तिथेच ठरलं. दुःखाच्या घरातला पहिला सण पंचमीचा येतोय, तो आपल्या माणसांनी येऊन सोडवायचा असतो. बायडाबाईचं म्हणणं, यंदा तो झिम्म्यानेच सोडवायचा आणि गाणं तेजस्वीने धरायचं. शेवटी सम्राट म्हणाला, "घाला. पन पुरं गानं म्हना. असं निम्म्यात सोडून माझ्या आईचं हसं करू नका."

तर अडलं ते एवढ्यावर. पुरं गाणं कोल्हापुरात नाही. ते हुपरीत पैंजणांच्या कड्या जोडत, डाग देत बसलंय.

संयोगिता


कसबा बावडा
११ जुलै २०२५

नजीरा,

बाराव्याला तू आली नाहीस. मी तुझ्यासाठी ताट काढून ठेवलं नव्हतं, तसला नाटकीपणा मला जमत नाही. पण दाराकडे बघत होते, हे कबूल.

काल तालमीत शोकसभा झाली. हॉल भरला, खुर्च्या कमी पडल्या. भाषणं झाली. एका पुढाऱ्याने तानाच्या भूपाळ्यांची आठवण काढली. तिने जन्मात भूपाळी म्हटली नव्हती, सकाळी उठली की पहिली म्हशीला शिवी हासडायची. दुसरे म्हणाले, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. तिसरे म्हणाले, ती भरून येणार नाही. मला बोलायला उभं केलं, तर मी 'ताना माझी मैत्रीण होती' एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य सापडेना, तेव्हा बसले. आयुष्यभर वर्गासमोर बोललेली बाई मी. लोकांनी समजून घेतलं.

शेवटी ट्रॅक लावला. तो कीबोर्ड वाजला की माझं डोकं अजून चढतं. लोक मात्र रडत होते आणि त्यांचं रडणं खरं होतं. त्यांना तानाचा आवाज हवा होता, तो मिळाला. मी कुणाला दोष देत नाही, नुसती दमले होते. घरी येऊन पाय शेकत बसले.

तेव्हा सम्राटने मोबाइलवर काही व्हिडिओ पाठवले. आईच्या आजारपणातले, यातला कुठला स्टेटसला ठेवू ते सांगा म्हणाला.

तुला आरिफकडून कळलंच असेल, दिवाळीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी शब्द येत नव्हता, नुसती चिडायची. पण गाणं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. मात्र तेही तुटक. एक ओळ म्हणायची, डावा हात वर धरायची आणि थांबायची. मग पुढची ओळ. मधलं विसरल्या, असंही डॉक्टरच म्हणाले. आम्हीही तसंच धरून चाललो. ती थांबली की आम्ही काहीतरी भर घालायचो. तिची सून घालायची, मी घालायचे, नर्सबाईसुद्धा एकदा काहीतरी म्हणाली. ताना आमच्याकडे असं बघायची, जसं आम्ही दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी वाजवतोय.

काल मी त्यातला एक व्हिडिओ लावला आणि सवयीने मांडीवर टाळी धरली. तिची ओळ संपली, हात वर गेला. माझी टाळी चालूच राहिली. पुढची ओळ आली ती बरोबर टाळीवर. मी परत लावला. पुन्हा बरोबर टाळीवर. मग दुसरं गाणं लावलं, त्यात थांबणं जास्त लांब, आणि तिथेही टाळी मोडली नाही. विसरलेलं माणूस चाचपडतं, नजीरा. एकदा लवकर येतं, एकदा उशिरा येतं. ताना अचूक येत होती.

ती विसरली नव्हती. ती तुझी जागा मोकळी सोडून गात होती, आणि आम्ही अडाण्यांनी महिनोन् महिने तिच्यात आमची भर घातली.

मला तुझा फार राग येतोय. दिवाळीपासून ती हात वर करून बसली होती आणि तू एकदा आली नाहीस. ट्रॅकचा राग इतका असतो का गं? मी तुला निरोप पाठवले, आरिफला सांगितलं, हुपरीच्या ओळखीच्या कासारणीकडून सांगितलं. आणखी काय करायचं होतं मी? हे लिहून झाल्यावर मला जरा मोकळं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही वाटत नाही.

पंचमी जवळ आलीये. तेजस्वी रोज संध्याकाळी येते, निम्मं गाणं म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

संयोगिता


कसबा बावडा
१९ जुलै २०२५

नजीरा,

काल मी तुझ्या घरी येऊन गेले, हे तुला सांगायला नको. पडद्याखाली तुझे पाय दिसत होते. लपायचं तर माणसाने जोडवी काढून लपावं.

तुझं घर चांगलं आहे. पुढच्या खोलीत कारखाना, सगळीकडे पैंजणांचे झुबके, आणि ते मशीन इतकं घरघरतं की मला वाटलं एसटी अजून पोटातच आहे. आरिफने खुर्ची पुसून दिली. पोरगं अजून मला घाबरतं, चौथीत पाढे चुकल्यावर मी त्याला उभं केलं होतं ते विसरलेलं नाही. म्हणाला, "बाई, अम्मी येत न्हाय म्हनती. मी लई सांगितलं. मी बोललो की ती उठून मागं जाती. तुमची पत्रं मातर वाचती. उशीखाली ठेवलीयत."

मी म्हटलं, "नाही तर नाही. चहा दे."

चहा आफशीनने आणला. तुझी सून तुझ्यासारखाच चहा करते, आल्याचा, तोंड भाजणारा. पिताना मी मोठ्याने बोलत होते, ते आरिफसाठी नव्हतं. मग ते सगळे व्हिडिओ आरिफच्या मोबाइलवर घातले आणि त्याला सांगितलं, अम्मीला दे, ऐकली तर ऐकली. परत येताना एसटीत उभं राहावं लागलं. गुडघे आज जिना चढू देत नाहीत.

आता मी काही मागत नाही. भांडायचंही बळ उरलेलं नाही. पंचमी २९ तारखेला, मंगळवारी आहे. तू आली नाहीस तर सम्राटला सांगेन, यंदा राहू दे. बायडाबाई शिव्या देईल, त्या मी खाईन. तेजस्वीला काय सांगायचं ते मात्र मला सुचत नाही.

संयोगिता


हुपरी
२४ जुलै

बाई,

सलाम. मला लिहायचा सराव न्हाय. चुकलं तर तांबडी शाई वडू नका.

तुमची समदी पत्रं वाचली. तुमी समद्यांनी ठरवलंय की मी ट्रॅकवर रुसून गेलो. मीबी ते खोडलं न्हाय. सांगायला सोपं पडायचं. पन त्या स्टुडिओवाल्यावर माझा राग नव्हता. त्यो म्हनला दोन आवाज एकमेकांत घुसत्यात. खरं त्येच बोलला. का घुसत्यात, ते मातर कुनी इचारलं न्हाय.

तानी मला कवाच झेल पुरा करू द्यायची न्हाय. माझं निम्मं झालं की तिची फुडची वळ सुरू. माझं शेवटचं शबुद तिच्या आवाजाखाली दबून जायचं. तुमाला ते ग्वाड वाटायचं, येनी घातल्यावानी. मला वाटायचं कुनी माझ्या तोंडावर हात ठेवलाय. म्हनूनच तुमाला झेल येत न्हाईत, बाई. तुमची चूक न्हाय. ते कुनाला पुरं ऐकूच आलं न्हाईत.

किती डाव सांगितलं तिला. तानी, जरा थांब की गं, माझं हुंदे. ती म्हनायची, मला कळत न्हाय गं तुझं कुठवर हाय ते, गान्याच्या भरात ऱ्हात न्हाय. मी खरं मानलं. मग स्टुडिओतनं आल्यावर ती म्हनली, तुझं काढलं तरी गानं बसलं की. हसत म्हनली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पन मी त्या दिवशी ठरवलं, बास.

आजारी पडली तवा आलो न्हाय. आरिफ सोडतो म्हनत हुता. वाटलं, जाऊन बसंन, त्वांड उघडंन आनि ती परत माझ्यावरनं जाईल. झटका आलेल्या मानसाबद्दल असं मनात आनावं का? आनलं. खोटं कशाला लिहू.

तुमी गेल्यावर तीन दिस त्या मोबाइलला हात लावला न्हाय. मंगळवारी आरिफला मशीन बंद कराय लावलं. पयलंच गानं ते पायरीचं निघालं. तिनं वळ म्हनली, हात वर केला. मी आपसूक झेल दिला.

मागं हाय मी, घागर माझ्याकडं दे गं

पुरा दिला, शेवटाच्या शबदापातूर. माझा आवाज थांबला, एक टाळी गेली, आनि मग तिची फुडची वळ आली. बाई, ती माझ्या शेवटाच्या शबदापातूर बरुबर थांबलेली. समद्या गान्यात. ज्यात झेल बारका, तिथं बारकं थांबली. ज्यात लांबडा, तिथं लांबडं. एका ठिकानी मी श्वास घ्यायचो, तेवढीबी जागा ठेवलीया.

म्हंजी तिला ठावं हुतं. इतकी वर्सं तिला चांगलं ठावं हुतं माझं कुठवर हाय ते.

मी लई रडलो. तिच्यासाठी रडलो का माझ्यासाठी, ते कळंना. रागबी आला. मेलेल्या मानसावर राग आला की त्यो कुठं ठेवायचा, तुमी शिकल्याली हाईसा, तुमीच सांगा. आफशीननं पानी दिलं. मग परत पयल्यापासनं लावलं.

पंचमीला सकाळच्या गाडीनं येतो. सम्राटला सांगा, गानं पुरं व्हईल. बायडाबाईला म्हनावं, हेल आवर, तुझ्या आवाजानं पोरगी भ्याल. तेजस्वीला मी शिकवीन, समदं शिकवीन. पन तिला आत्ताच सांगून ठेवा, माझं पुरं झाल्याबिगार त्वांड उघडायचं न्हाय.

नजीरा